दादाचे केस कोण कापतं?

न्हाव्याला गिऱ्हाइकं ‘बातमीदार’ म्हणायची, आणि ते काही उगाच नाही. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची बदली झाली, सगळं त्याच्या खुर्चीत येऊन पडायचं. एकच गोष्ट त्याला कधी कळली नव्हती. सख्ख्या मोठ्या भावाचे केस कोण कापतं?

भाऊ शिंपी होता आणि फळ्यांच्या भिंतीपलीकडेच बसायचा. वडिलांच्या दुकानाचे वाटणीत दोन भाग झाले. रस्त्याकडचा धाकट्याला मिळाला, बोळाकडचा थोरल्याला. चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं, तरी दादा म्हणाला, “चिठ्ठ्यांच्या घड्या तूच घातल्या होत्यास.” झालं, तेव्हापासून अबोला. दोघांच्याही हातात कात्रीच, इकडची थांबली की तिकडची ऐकू यायची.

दादा बोळातून निघाला की न्हावी त्याची मान न्याहाळायचा. मानेवर पायऱ्या पडलेल्या, एका कानावर झुपका, दुसरा कान उघडा बोडका. “कोण हा कसाई?” तो चरफडायचा. गावातल्या झाडून साऱ्या न्हाव्यांना त्याने आडून आडून विचारलं होतं. प्रत्येकाने कानावर हात ठेवले.

मग सरकारला रस्ता रुंद करायची लहर आली. नोटीस आली, साहेब आले, टेप ताणली गेली आणि लाल रेघ पडली नेमकी फळ्यांच्या पायाशी. तिच्या पुढचं सगळं सरकारजमा.

“म्हणजे मी अख्खा गेलो आणि दादा जसाच्या तसा?”

“मागचं दुकान आता थेट रस्त्यावर येईल,” साहेब म्हणाले. “नशीबवान आहे माणूस.”

“आणि मी?”

“तुम्हाला मोबदला मिळेल ना.”

“मोबदल्यावर खुर्ची मांडू का?”

साहेबांनी टेप गुंडाळली.

न्हाव्याने हरकत नोंदवली, हेलपाटे घातले, हाती आला भोपळा. घरी बायको म्हणाली, “अहो, मोठ्या भाऊजींना विचारा ना. एका खुर्चीपुरती तर जागा हवी.”

“जीव गेला तरी नाही,” तो म्हणाला खरा, पण गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे बसलं की परत येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

पाडापाडीच्या दिवशी मजुरांनी आधी पत्रे उतरवले, मग फळ्यांना हात घातला. न्हावी खुर्ची धरून रस्त्यावर उभा होता. वडिलांची जागा जात होती, जीव तुटत होता. पण खोटं कशाला सांगा, इतक्या वर्षांनी पलीकडचं दिसणार म्हणून त्याची मान आपसूक लांब झाली होती.

फळ्या निघाल्या. शिलाई मशीन दिसलं, चिंध्या दिसल्या, खिळ्याला टांगलेला वीतभर आरसा दिसला. आरशाखाली चिंध्यांमध्ये काळेपांढरे केस पडले होते.

न्हावी अबोला विसरला. “दादा! कापडाच्या कात्रीनं?”

“मग काय करू?” दादा खेकसला. “परक्याच्या खुर्चीत मान वाकवू?”

न्हाव्याच्या अंगावरची पँट नाक्यावरच्या शिंप्याकडची होती. दादाची नजर तिच्यावर गेली, शिवणीवरून खालपर्यंत फिरली. मग त्याने मशीन भिंतीला सरकवलं.

“आण ती खुर्ची आत. उन्हात काय उभा राहिलायस?”

न्हाव्याने खुर्ची मांडली, टॉवेल झटकला. “आधी तू बस.”

दादा बसला. धाकट्याने मानेवरच्या पायऱ्यांना कात्री लावली.

“नीट काप,” दादा म्हणाला. “आणि ती पँट कुणी शिवली, ते मी विचारणार नाही.”