गाडीत जागा नाय

बॉनेटवर दोन बोटांनी टकटक करायची आणि म्हणायचं, "ही सरकारची हाय, रे. आपन नुसतं बसायचं." रोज सकाळी जीपमध्ये पाय ठेवण्याआधी आमचे सभापती एवढं करायचेच. नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत मी पंचायत समितीच्या जीपवर ड्रायव्हर होतो.

सरकारी गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन धसईच्या बाजाराला निघालेल्या. आम्हीही तिकडेच चाललेलो. मी ब्रेकवर पाय ठेवला.

"चल रे," सभापती म्हणाले, आणि खिडकीतून डोकं काढून ओरडले, "एष्टी येतेच हाय गो!"

"टायर फुटो तुमचा," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या वळणावर तो फुटला. मी जॅक लावत होतो तेवढ्यात एसटी शेजारून गेली. खिडकीतून वहिनी आम्हाला हात करत होत्या.

मग तो दिवस आला. जिल्हा परिषदेचा उमेदवार ठरवायला मुरबाडला पक्षाची बैठक होती, आणि नाव यांचंच होणार असं सगळे म्हणत होते. आम्ही निघालो, तर वाटेत पाड्यावरची माणसं आडवी आली. झोळीत एक बाई कळा देत होती, तिचं डोकं सांभाळत आमच्या वहिनी, मागे सुईण आणि घाबरलेला नवरा. सभापतींनी बाईला जीपमध्ये घातलं, वहिनी आणि सुईण तिच्याबरोबर मागे चढल्या, नवऱ्याला पुढे बसवलं.

"तुमी कुठं बसनार?" मी विचारलं.

उत्तर वहिनींनी दिलं. मांडीवर त्या बाईचं डोकं घेऊन, अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "सभापती, बाजूला व्हा. गाडीत जागा नाय."

मुरबाडच्या डॉक्टरांनी आम्हाला पुढे कल्याणला पाठवलं. सभापती एसटीनं मुरबाडला पोचले तेव्हा बैठक संपून उमेदवारी दुसऱ्याच्या गळ्यात पडली होती.

"गाडी असून उशीर?" पुढाऱ्यांनी झापलं.

"साहेब, गाडीत माझ्यापेक्षा मोठा मानूस होता. जलमायचा होता अजून, पन घाई त्यालाच जास्त."

मुलगी झाली. मी बातमी आणली तेव्हा त्यांनी मला जिलबी खायला घातली. उमेदवारीबद्दल मीच हळहळलो, तर म्हणाले, "खा गपचूप."

पुढे त्यांनी राजकारण सोडलं आणि भातशेती पाहू लागले. दुखणं वाढलं तेव्हा आम्हाला जवळ बोलावून दम दिला, "मी गेल्यावर कोनी माझं गुनगान केलं, तर उठून बसेन."

ते गेले त्या दिवशी अंगणात गर्दी होती. एक पुढारी हार घालून खाकरला आणि त्यानं सुरुवात केली, "असा निष्कलंक नेता..."

वहिनींनी झटकन सभापतींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. सगळं अंगण गप्प होऊन वाट पाहत राहिलं.

दिलेला शब्द त्यांनी तेवढा एकदाच पाळला नाही.