अण्णांचे कोरे कागद

आमच्या बंगळूरच्या कॉलेजात वाळवलेल्या फांद्या कागदावर चिकटवायला एक अण्णा होते. कानामागे खळीचा ब्रश आणि दर वाक्याआधी "स्वल्प थांबा."

साठ सालच्या सुमारास मलनाडात, कॉफीच्या मळ्यांमध्ये उरलेला रानाचा एक तुकडा बघून, तिथल्या झाडांच्या फांद्या घेऊन मी परतलो. जुनी झाडं सगळी शाबूत आहेत, भोवतालचं रान तोडलं तरी बिघडत नाही, असा ऐटदार अहवालही लिहिला. उद्या तो सरांकडे जाणार होता.

अण्णांनी माझ्या प्रत्येक फांदीशेजारी एक कोरा कागद ठेवला.

"हे कशाला, अण्णा?"

"स्वल्प थांबा. सगळे आजोबाच आणलेत. नातवंडं कुठायत?"

"म्हणजे?"

"या झाडांची रोपं हो! खाली बघितलंत, की मान वर करूनच फिरलात?"

मान वर करूनच फिरलो होतो. अहवाल गुपचूप फाडला, परत गेलो आणि आठवडाभर त्या झाडांखाली रांगलो. कडेचं ऊन आत शिरून जमीन सुकली होती, घाणेरीची झुडपं माजली होती. रोप एकही नव्हतं.

ते कागद कोरेच नव्या अहवालाला जोडले. सरांनी पाठ थोपटली ती माझी. अण्णा तोवर पुढच्या फांदीला खळ लावत होते.

आजही रानात शिरलो की मी आधी खाली बसतो.