पलीकडच्या काठाचं शहर

कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात, एका रुंद नदीच्या काठी, कारखान्यांचं एक लहानसं शहर आहे. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण ते मला अजून नीट उच्चारता येत नाही. तरीही या शहरावर मी चेन्नईत, तिरुवल्लिकेणीतल्या एका गच्चीवर पाच वर्षं व्याख्यानं दिली.

गच्ची अम्मांची. अम्मा म्हणजे माझ्या घरमालकीणबाई, तंजावरच्या मराठी, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. मी मूळचा सांगलीचा, त्यांच्या माडीवरच्या खोलीतला भाडेकरू. त्यांची मराठी जुन्या पत्रांतून उठून आल्यासारखी, आणि तिला तमिळ हेल. त्यांचे यजमान गेल्यावर घरात त्या आणि त्यांची लेक, दोघीच. लेक गुम्मिडिपूंडीला माझ्याच कारखान्यात, तपासणी विभागात. आम्ही गाड्यांच्या दारांच्या स्प्रिंगा बनवतो. ती मला अण्णा म्हणते आणि माझ्या चुका लाल शाईनं दाखवते.

त्या स्प्रिंगांचं मूळ गाव म्हणजे ते शहर. एक नवं यंत्र शिकायला मला तिकडे तीन आठवडे धाडलं होतं, ऐन हिवाळ्यात. कारखाना आणि आमचं वसतिगृह नदीच्या अलीकडे, शहर पलीकडे. मध्ये लांबलचक लोखंडी पूल. सकाळी खिडकीतून पाहिलं की नदी अर्धी गोठलेली, तिच्यावर धुकं, धुक्यात लाल विटांच्या जुन्या गिरण्या आणि एक उंच मनोरा, आणि अगदी पाण्याच्या कडेला एकच पिवळी खिडकी उजळलेली. तिच्यात एक सावली हलायची. वर धुराड्यातून धूर सरळ आभाळात जायचा. बाकी सगळं शहर झोपेत. भोंगा वाजला की ते जागं व्हायचं, आणि मी कामावर जायचो.

पहिल्याच रविवारी मी पूल ओलांडायला निघालो. पायात टी नगरमधून घेतलेले गुळगुळीत तळव्यांचे बूट. पुलाच्या तोंडाशीच बर्फावर असा काही बसलो, की दोघा म्हाताऱ्यांनी मला काखेत हात घालून उभं केलं. ते फ्रेंचमध्ये काहीतरी मायेनं विचारत होते. मी घाबरलो की तोंडून तमिळ येतं, सांगलीचा असूनही. दोघांचे वाकून 'नंद्री, नंद्री' असे आभार मानले आणि खोलीवर परतलो. पुढचे दोन रविवार पायाला काही झालं नव्हतं, पण अब्रू लंगडत होती. मी पूल ओलांडला नाही.

हे मात्र गच्चीवर कधी निघालं नाही. संध्याकाळी मरीनाचा खारट वारा सुटायचा, दोरीवरचे कपडे फुगायचे, अम्मा डबरा म्हणतात त्या पसरट वाटीतून टंबलरमध्ये कॉफी उंचावरून ओतायच्या आणि म्हणायच्या, सांग पा तुझ्या नदीचं. मग मी पूल ओलांडायचो. पहिल्या वर्षी ती पिवळी खिडकी बेकरीची झाली. दुसऱ्या वर्षी सावलीला पांढरा अ‍ॅप्रन आला. तिसऱ्या वर्षी ती बाई मला रोज सकाळी ऊन पाव देऊ लागली आणि एक शब्दही न समजता माझी विचारपूस करू लागली. चौथ्या वर्षी तिच्या गुडघेदुखीवर मी अम्मांकडूनच औषध विचारून घेतलं. इतक्यांदा सांगितलं, की त्या पावाचा वास मलाही येऊ लागला.

आणि यंदा कंपनीनं लेकीला त्याच शहरात दोन वर्षांसाठी पाठवायचं ठरवलं. सोमवारी होकार कळवायचा होता. शनिवारी संध्याकाळी मी गच्चीवर गेलो, तर अम्मांनी मोळगापोडीची, म्हणजे इडलीबरोबरच्या तिखट चटणीपुडीची, मोठी बाटली बांधून तयार ठेवलेली.

"ही त्या पाववाल्या बाईस," अम्मा म्हणाल्या. "तिजला आजच फोन लाव. पोर तिच्या घरी राहील. तसं असेल तर पाठवते, नाहीतर नाही."

लेक कठड्याला टेकून उभी होती. जायची तिला किती ओढ होती ते मला ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत कानात तारा घालून ती महिनाभर फ्रेंच घोकत होती. खरं सांगावं तर तिचं जाणं बुडणार. खोटं चालू ठेवावं तर ती पोर बर्फात बॅगा घेऊन एका सावलीचं दार शोधणार. क्षणभर वाटलं, त्या बाईला एका वाक्यात मारून टाकावं. पण अम्मांनी तिचं सुतक धरलं असतं.

"अम्मा," मी म्हणालो, "अशी कोणी बाई नाही."

खालच्या गल्लीतून बस वळत होती. अम्मांनी बाटली आपल्याकडे ओढून घेतली.

"मग तुजला ऊन पाव कोण देत होतं?"

"कोणी नाही. मी खोलीत पाकिटातला उपमा खात होतो."

"पाच वर्षं?"

"उपमा तीन आठवडे. पाव पाच वर्षं."

लेकीनं तोंड फिरवलं. हसत होती की रडत, ते कळलं नाही. अम्मांनी टंबलर खाली ठेवला आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, की आता डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच सांग, एक शब्द अधिक नको.

मी सांगितलं. पुलाशी पडलो ते. उचलणारे दोघे, ज्यांची नावं विचारली नाहीत. पायऱ्यांवर मीठ टाकणारा माणूस, जो रोज मान हलवायचा. दुपारी चारलाच अंधारायचं ते. नदीतला बर्फ तडकताना दूर कुणी जड कपाट सरकवल्यासारखा आवाज यायचा, तोही. सगळं मिळून दहा मिनिटांत संपलं. माझ्याकडे एवढंच शहर होतं हे मला त्या दिवशी कळलं.

अम्मांनी लेकीकडे पाहिलं. "भय वाटतं काय?"

"वाटतं, अम्मा. तरी जाते."

"मग जा," अम्मा म्हणाल्या. "काल विचारलं असतं तर भय नाही म्हणाली असतीस. ह्याच्या पावावर भुललेल्या पोरीस मी पाठवणार नव्हते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तिचे बूट तू निवडायचे नाहीस."

आता दर रविवारी संध्याकाळी गच्चीवर लेकीचा फोन येतो. तिथे तेव्हा सकाळ असते. अम्मा फोन टंबलरला टेकवून ठेवतात. लेक सांगते, की पहिल्याच आठवड्यात ती पूल ओलांडून गेली. पलीकडे कपडे धुवायचं दुकान आहे, तिथे रांग असते. रांगेतली एक नर्स तिची फ्रेंच क्रियापदं दुरुस्त करून देते. गिरणीत आता लोकांची घरं झाली आहेत. एकदा ती फार रडली, कारण बस चुकली आणि फोन बंद पडला होता. अम्मा हे सगळं ऐकतात, मध्ये मध्ये नेमका प्रश्न विचारतात.

परवा ती मनोऱ्याबद्दल सांगत होती, आणि मला राहवलं नाही. मी म्हणालो, धुक्यात तो असा दिसतो की...

अम्मांनी फोनवरची नजर न काढता हात वर केला. "तू कॉफी पी. तिजला सांगू दे."

मी कॉफी पितो. वाऱ्यानं शब्द मध्येच तुटतात, तेवढे जोडून घेतो.