गच्चीवरून दिसणारं आवार

कॉलेजच्या आमच्या प्रसिद्धी विभागात चित्रं काढणारी एकच, ताई. वयाने माझ्याहून मोठी आणि कामाला वाघ, म्हणून ताई. नाहीतर मी कुणाला एवढा मान देणारी नव्हे. मी कागद मागवते, छापखान्यात खेटे घालते आणि तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते.

ताईचा मुलगा याच कॉलेजात शिकायला होता. स्नेहमेळाव्यासाठी वसतिगृहाच्या गच्चीवर दिव्यांच्या माळा बांधायला चढला आणि तोल जाऊन खाली पडला, जागीच गेला. तिथला कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. माळेचं टोक हातात तसंच होतं म्हणे. चौकशी झाली, हळहळ झाली, गच्चीला ग्रिल बसवायचं ठरलं. ताई लवकरच कामावर परतली, कारण घरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि कमावणारं दुसरं कोणी नाही. ग्रिलचं मात्र भिजत घोंगडं. दर वर्षी मेळाव्याआधी ती वरच्या ऑफिसात जाऊन विचारायची, आणि दर वर्षी कोणीतरी तिला खुर्ची देऊन, पाणी देऊन, गोड बोलून वाटेला लावायचं. गच्चीच्या दाराला कुलूप घातलं, तेवढंच.

यंदा नवे साहेब आले. माणूस वाईट नाही, पण यांना चहासुद्धा पद्धतशीर लागतो. मेळाव्याच्या पोस्टकार्डांसाठी कल्पना काढायला त्यांनी सगळ्यांना एका खोलीत बसवलं आणि नियम सांगितला: आज कोणी ‘नाही’ म्हणायचं नाही. सुचेल ते बोलायचं, ताईने ते लगेच फळ्यावर काढायचं, निवडानिवड नंतर. मनात म्हटलं, हा नियम माझ्या घरी लागला तर सोन्याहून पिवळं.

सुरुवात मजेत झाली. कोणी ग्रंथालयाचा जिना म्हणालं, कोणी घड्याळाचा मनोरा, मी कँटीनमधला पाय मोडलेला बाक सुचवला. ताईने त्याच्याखाली झोपलेलं कुत्रंही काढलं, आणि ते इतकं हुबेहूब जमलं की साहेब खो खो हसले. मग नवा फोटोवाला पुढे सरसावला. वसतिगृहाच्या गच्चीवरून मावळतीला सगळं आवार काय सुंदर दिसतं, तोच देखावा कार्डावर घेऊ, असं त्याने सुचवलं. साहेब तर त्याच्याही पुढे गेले. त्यांच्या मते कुलूप काढून यंदाचा मेळावाच तिथे घ्यायला हवा.

त्या दोघांना काही ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना होतं त्यांनी वहीत डोकं खुपसलं. मी तोंड उघडणार तोच ताईने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि खडू उचलला.

तिने झाडं काढली, मैदान काढलं, मनोरा काढला. खाली कठडा काढला, गुडघ्याएवढाच. मग त्या कठड्यावर उभ्या रेघा मारायला लागली. एकीशेजारी एक, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खडू मोडला, तिने दुसरा घेतला. अख्खं आवार गजांच्या मागे गेलं तेव्हा कुठे ती थांबली.

साहेब कौतुकानेच म्हणाले, “छान झालंय. फक्त ते ग्रिल पुसून टाका. तिथे ग्रिल नाहीये.”

“माहीत आहे,” ताई म्हणाली. “माझा मुलगा तिथूनच पडला.”

फोटोवाल्याने फोन खिशात घातला. साहेबांनी घसा खाकरला. फार वाईट वाटलं म्हणाले, आणि वाटलंही असेल, पण ग्रिल हा काही या बैठकीचा विषय नव्हे, अशी पुस्ती जोडली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“आज नाही म्हणायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंत ना? मग ग्रिलला हो म्हणा,” मी म्हटलं.

वरिष्ठांच्या कानावर घालतो, साहेब म्हणाले. घातलंही. वरून निरोप आला की मेळाव्याआधी एवढं काम होणं शक्य नाही, शिवाय ग्रिलने देखावा जातो. त्यापेक्षा मेळावा गच्चीवरच घेऊ आणि कठड्याला लागून फुलांच्या कुंड्या ठेवू. कार्डावर फोटोवाल्याचा फोटो गेला. गठ्ठे छापखान्यातून मीच आणले. वाटभर शिव्या घातल्या, पण आणले. पगार मलाही लागतो.

मेळाव्याला ताई आली नाही तरी चालेल, असं तिला सांगितलं होतं. ती आली. सरळ गच्चीवर गेली, ज्या कोपऱ्यात तिचा मुलगा माळ बांधत होता तिथल्या दोन कुंड्या बाजूला सारल्या आणि कठड्याकडे पाठ करून उभी राहिली. पोरं हसत खिदळत यायची, फोटोसाठी कडेला सरकायची, आणि ती प्रत्येकाला हळूच सांगायची, बाळा, मागे हो. एका मुलीने अगदी अदबीने विचारलं, “काकू, जरा बाजूला होता का? फोटोत येताय.”

“येऊ दे,” ताई म्हणाली.

साहेबांनी लांबून पाहिलं आणि मान वळवली. मी हातातला कार्डांचा गठ्ठा जमिनीवर टाकला आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. दोघींनी हात पसरले तरी तो एक कोपरासुद्धा पुरता झाकला जात नव्हता, आणि जिन्यावरून पोरं येतच होती.