आयशाबीचा सातू आणि नेमसिंगची सहा तासं

ढाणकीत आयशाबीला ओळखत नाही असा एकच माणूस आहे, तिचा नवरा शकील. पंचवीस वर्षं संसार करूनही या बाईपासून काय लपवू नये हे त्याला कळलेलं नाही. बाकी गाव तिला नीट ओळखतं. बाजाराच्या गल्लीत त्यांच्या घराला दोन तोंडं आहेत. पुढे शकीलचं दुकान, तिथे फवारणीचे पंप दुरुस्त होतात. मागे आयशाबीची भट्टी, तिथे फुटाणे भाजले जातात आणि सातू दळला जातो. म्हणजे पुढच्या दाराने औषध मारायची सोय आणि मागच्या दाराने लेकरांचं खाणं. हे मी एकदा थट्टेने बोललो, तर ती म्हणाली, "हसा, वामनभाऊ, हसा. तुमीच तं शिकवलं लोकायले."

खरं होतं. मी कृषी सहाय्यक म्हणून तीस वर्षं नोकरी केली. बांधावरचं गवत मारायला तणनाशक कसं वापरावं याची प्रात्यक्षिकं मीच घेतली, हारतुरेही घेतले. ते तणनाशक बांधावरून उभ्या पिकात कधी शिरलं हे कळेपर्यंत मी निवृत्त झालो होतो.

हरभरा काही सगळा एकदम वाळत नाही. अर्धी झाडं पिवळी पडतात तेव्हा उरलेली हिरवी असतात. पूर्वी बाया विळ्याने कापायच्या, म्हणजे सोंगायच्या, वावरातच ढीग लावायच्या आणि वाळवायचं काम ऊन करायचं. आता सोंगायला बाया मिळत नाहीत म्हणून हार्वेस्टर येतं, आणि हिरवं झाड त्या यंत्रात गुंडाळून बसतं. मग लोकांनी अक्कल लढवली. काढणीच्या आठ दिवस आधी उभ्या हरभऱ्यावरच तणनाशक मारायचं. झाड जळतं, दाणा सुकतो, यंत्र सरळ निघून जातं. असं करा म्हणून डब्यावर कुठेही लिहिलेलं नाही, पण डबा वाचतो कोण? कृषी केंद्रवाला सांगतो, शेजारी सांगतो, झालं.

आता सातूचं सांगतो. गहू आणि फुटाण्याची डाळ भाजून केलेलं हे पीठ. लेकरू सहा महिन्यांचं होऊन वरचं खायला लागलं की गावातल्या बाया, हिंदू असोत की मुसलमान, आयशाबीच्या मागच्या दारात उभ्या राहतात. गूळपाण्यात कालवायचं आणि बोटाने भरवायचं. ढाणकीतली निम्मी पोरं तिच्या सातूवर वाढलेली आहेत. त्यामुळे त्या सातूत काय जातं याची जबाबदारी ती स्वतःची मानते. तिच्या एकटीच्या मानण्याने काय होतं, हेच मला सांगायचं आहे.

तीनेक वर्षांपूर्वी तिच्या लक्षात आलं की माघात शकीलच्या दुकानात पंपांची रांग लागते. "माघात पंप कायले लागते? तवा तं हरभरा काढाले येते," असं तिने विचारलं. शकीलने भोळेपणाने सगळं सांगून टाकलं. तो दिवस आणि आजचा दिवस, ही बाई हरभरा विकायला आलेल्या प्रत्येकाला आधी शपथ घ्यायला लावते.

शपथेवर तिचा विश्वास नाही, ते वेगळं. ती मूठभर दाणे भिजवून ओल्या फडक्यात बांधते आणि पाठवणाऱ्याचं नाव लिहून खुंटीला टांगते. दोन दिवसांनी गाठोडी सोडते. चांगल्या दाण्याला लांब मोड येतो. औषधाने जाळलेल्या झाडाचा दाणा बहुतेक वेळा फुटतच नाही, फुटलाच तर आखूड, ठेंगणा कोंब काढून थांबतो. मी माझं शिक्षण पाजळलं, "आयशाबी, मोड न येण्याचं कारण दर वेळी औषधच असतं असं नाही. भिजलेला, घुणलेला हरभराही दगा देतो."

"मंग तोही नको मले," ती म्हणाली.

या चौकशीत तिला एक गोष्ट सापडली आणि तिचं डोकंच फिरलं. आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात. फवारणारे लोक घरी खाण्यापुरती पाच-सहा तासं औषध न मारता सोडतात. ती हाताने सोंगतात, वेगळी ठेवतात, घरात तीच खातात. म्हणजे यांना सगळं कळतं! अडाणी आहेत असं म्हणायचीही सोय नाही. आयशाबी एकाला भर बाजारात म्हणाली, "तुमच्या लेकरायले येक अन् लोकायच्या लेकरायले दुसरं? खुदाले काय तोंड दाखवसान?" तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, "तुमाले घरचा देतो ना." मग काय, आयशाबी घरचाच घेते ही बातमी पसरली आणि आठ दिवसांत ढाणकीच्या बाजारातला झाडून सगळा हरभरा घरचा झाला. पोतीच्या पोती घरचा!

मीही शहाणपणा केला. दोन किलो हरभरा पिशवीत घालून एस.टी.ने यवतमाळला गेलो. म्हटलं, कुठेतरी तपासून घेऊ. तिथल्या सरकारी कचेरीत तीन टेबलं झाली. चौथ्या टेबलावरच्याने विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध?" मी म्हटलं, तक्रार नाही, फक्त तपासायचं आहे. "तक्रारच नाही तर तपासता कायले?" पिशवी घेऊन परत आलो. रत्नप्रभाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच हरभऱ्याची उसळ केली आणि मी ती खाल्ली. चांगली झाली होती.

या सगळ्यात एक माणूस परीक्षेतून सुटलेला होता, जवळच्या तांड्यावरचा नेमसिंग. पंधरा वर्षं आयशाबीला हरभरा देणारा, तोंडाचा गोड आणि मापाचा खरा. त्याचं गाठोडं तिने कधी बांधलंच नाही. "नेमसिंगभाऊ असा मानूस नाही," एवढंच ती म्हणायची. गेल्या वर्षीही फाल्गुनात त्याची पोती आली, तिने भाजली, दळली आणि सातूच्या थैल्या घरोघर गेल्या.

रमजानचा दुसरा आठवडा होता. आयशाबीचा मुलगा फैज बाजारात फुटाण्याची न् सातूची गाडी लावतो, त्याला इफ्तारीला मोडाचे चणे लागतात. म्हणून तिने नेमसिंगच्याच पोत्यातले दोन ओंजळी दाणे काढून भिजवले. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर शंभरात दहालाही मोड नाही. तिने पुन्हा बांधले. पुन्हा तेच. तेव्हा ती पुढच्या दुकानात गेली आणि नवऱ्याला विचारलं.

"त्याचा पंप आलता ना माघात," शकील मान वर न करता म्हणाला. "नोझल बदलून देल्लं मी."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तू इचारलंच नाही. अन् गिऱ्हाइकाची गोष्ट घरात बोलाची असते का?"

त्यानंतरचं अर्ध्या गल्लीने ऐकलं. मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली. रोजा होता, ऊन चढलं होतं, डोळे सुजलेले होते. "वामनभाऊ, स्कूटी काढा. थैल्या वापस आनाच्या हाय." लिहिलेलं काहीच नव्हतं, पण कोणत्या घरात कितव्या महिन्याचं लेकरू आहे हे तिला तोंडपाठ. बावीस घरं. फैजच्या गाडीवरून कोणी नेला, त्याचा मात्र पत्ता नव्हता. दोन दिवस आम्ही फिरलो.

लोकांचं काय सांगू! एक बाई हसली, "एवढं काय त्यात, चाची, आमी रोज बेसन खातोच ना?" दुसरीने थैली दिली आणि लगेच बदल्यात दुसरी मागितली. एका घरचा कर्ता मलाच म्हणाला, "साहेब, बाईच्या नादी लागून तुमीही?" आणि एका पोरीने, पहिलटकरीण होती ती, थैली आयशाबीच्या पायाशी टाकली. "आता सांगता? तीन हप्ते भरवलं मी याले. तुमच्या भरवशावर भरवलं." आयशाबी तिथे मान खाली घालून उभी राहिली. मला माझीच लाज वाटली.

शेवटी तांडा. तिथे थैली आणायची नव्हती, जाब विचारायचा होता. नेमसिंग अंगणातच होता. त्याने खाट ओढली, त्याच्या बायकोने, हंसाबाईने, पाणी आणलं. आयशाबीने हातानेच नको म्हटलं.

"नेमसिंगभाऊ, हरभऱ्यावर औषध मारलं का नाही?"

तो खोटं बोलला नाही. "मारलं. सोंगाले मानसं भेटत नोहते अन् हार्वेस्टरवाला दोनच दिवस थांबून राह्यलता. पन घरच्या सहा तासायले हात नाही लावला, आयशाबी. आमचं खायाचं वेगळं ठुलं." हे तो असं सांगत होता की जणू शाबासकी मिळणार आहे.

"अन् मले कोनतं देल्लं?"

"तुमी तं दळून इकता ना."

मी तोंड उघडणार, इतक्यात पाहिलं की आयशाबीचं लक्ष त्याच्याकडे नाहीच. ओसरीवर नेमसिंगची सून मांडीवर पोर घेऊन बसली होती. वाटीत तपकिरी काहीतरी कालवलेलं होतं, पोरीच्या हनुवटीपर्यंत माखलेलं. आयशाबीने विचारलं, "हे काय भरवून राह्यली, बेटा?"

"तुमचाच सातू, चाची. बाजारात फैजभाऊच्या गाडीवरून आनला. महिना होत आला. समदे म्हनते, लेकरायले तोच द्याव."

नेमसिंगला कळायला थोडा वेळ लागला. मग तो उठला, सुनेच्या हातातली वाटी काढून घेतली आणि नातीच्या तोंडात बोट घालून आतलं पीठ बाहेर काढायला लागला. पोर किंचाळली, सून घाबरली, हंसाबाई धावत आली. "काय झालं, काय झालं?" नेमसिंग ओल्या हाताने तसाच आयशाबीसमोर येऊन उभा राहिला.

"काही होते का यानं?"

मला वाटलं, आता ही बाई त्याला सोलून काढणार. तिचा तो हक्क होता. पण ती खाटेच्या काठावर बसली. "मले नाही मालूम, नेमसिंगभाऊ. खरंच नाही मालूम." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी शिकेल मानूस, वामनभाऊ. तुमी सांगा त्याले."

तीस वर्षांची नोकरी, आणि मला उत्तर येत नव्हतं. थोडंफार अंगात गेल्याने काही होणार नाही असं म्हणावं तर कशाच्या जोरावर? किती गेलं हे कोणी मोजलं होतं? सगळेच माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हणालो, "पोरीला पाणी पाजा."

पोरीला काही झालं नाही, निदान दिसण्यासारखं नाही. आयशाबीने त्या वर्षी सातू बंद ठेवला. फक्त फुटाणे विकले, तेही विकायची इच्छाच नसल्यासारखं तोंड करून. शकीलशी ती महिनाभर फैजच्या मार्फत बोलत होती.

या वर्षी माघ संपताना नेमसिंग स्वतः डोक्यावर पोतं घेऊन तिच्या मागच्या दारात आला. मी तिथेच होतो. कोणी न सांगता त्याने मूठभर दाणे काढून तिच्यापुढे धरले. "बांधा गाठोडं. मी परवा येतो पाहाले." परवा तो खरंच आला. फडकं सोडलं तर दाण्यादाण्याला मोड. आयशाबीने ते हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि वर्षभरात पहिल्यांदा हसली.

"या वर्षी सहाच्या जागी तीस तासं सोडले," नेमसिंग म्हणाला. "आमचं न तुमच्या सातूचं. मानसं नाहीच भेटले. मी न हंसाबाईनं सोंगले, कंबर मोडली."

मी मनात म्हटलं, एक माणूस तरी बदलला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "आणि बाकीचं चार एकर?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की या साहेबाला साधी गोष्ट समजत कशी नाही.

"ते तं इकाचं हाय ना, साहेब."