प्रयागताईंचा उजवा डोळा

फोन एसटीच्या कंडक्टरचा होता. "ह्या बाईंच्या मोबाइलवर शेवटचा नंबर तुमचा हाय, म्हणून लावला," तो म्हणाला. भोकरला गाडी थांबली, लोक चहापाण्याला उतरले, पण खिडकीजवळच्या बाई काही उठल्या नाहीत. त्याला वाटलं, डोळा लागला असेल. "आवाज दिला, हलवून बघितलं... दवाखान्यात नेलंय मॅडम. तुम्ही निघा."  भोकरला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात प्रयागताईंना रागावतच होते, की सकाळचं जेवण टाळलं असणार, साखर उतरली असणार, कितीदा सांगितलं होतं... दवाखान्यात त्यांच्या अंगावर पांढरी चादर होती. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. चादरीबाहेर त्यांचे पाय दिसत होते. पायातल्या चपला कोणी काढल्या नव्हत्या, आणि मलाही त्या काढवेनात.

या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेले. लातूरला त्यांच्या लेकीच्या, संघमित्राच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही झाला. अहमदपूरकडच्या पालांवरची पारधी माणसं आली होती, ती फाटकाबाहेरच उभी राहिली. संघमित्रानं जाऊन एकेकाचा हात धरून आत आणलं. सगळं रीतसर झालं. पण माझं चित्त काही ठिकाणावर येत नाही. ऑफिसात बसते, उठते, खिडकीशी जाते, परत येते. हे माझं नाही, हे त्यांचं वागणं होतं.

आमची संस्था नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत आदिवासी वस्त्यांवर आणि भटक्यांच्या पालांवर आरोग्याचं काम करते. मी ऑफिस सांभाळायची आणि प्रयागताई बाहेरचं. मुखेडजवळच्या खेड्यातल्या बौद्ध घरातल्या त्या. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर होता, तो लवकर गेला. लेकीला वाढवत त्यांनी आधी बालवाडी चालवली आणि मग आमच्याकडे आल्या. चहा उभ्यानं प्यायच्या. मीटिंगमध्ये खुर्चीच्या कडेवर टेकायच्या, जणू कोणीतरी बाहेरून हाक मारणार आहे. "बसा की ताई नीट," म्हटलं की म्हणायच्या, "बसलं की पाय जड होतेत, सुनंदा." मला कधीकधी त्यांचा वैताग यायचा. त्यांच्या सोबत असलं की आपण काहीतरी अर्धवट सोडून बसलोय असं वाटत राहायचं.

त्यांच्याविषयी सांगायचं तर हिमायतनगरच्या डोंगराकडची ती वस्ती सांगायला हवी. आंध या आदिवासी जमातीची घरं, कोरडवाहू तुकडे, हंगामात दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जाणारी माणसं. तिथे मोतीबिंदूनं आंधळी झालेली म्हातारी माणसं घरोघरी होती आणि ऑपरेशनला एकही तयार नव्हतं. कारण त्यांच्यासमोर होतं. फार पूर्वी कुणा दुसऱ्यांच्या शिबिरात वस्तीवरच्या धर्माआबांना टेम्पोत घालून नेलं होतं. ऑपरेशन झालं, परत आणून सोडलं. डोळा सुजला, पाणी वाहिलं, पू झाला. विचारायला कोणी फिरकलं नाही, उलट सगळं दडपलं गेलं. डोळा गेला. पुढे दुसऱ्याचीही नजर विझली. धर्माआबा दिवसभर दारात बसलेले असायचे आणि त्यांच्याकडे बोट दाखवलं की आमचं बोलणंच खुंटायचं.

प्रयागताई तरी जात राहिल्या. सखुआजी नावाच्या एका म्हातारीच्या घरापासून पलीकडच्या झुडपापर्यंत सुंभाची दोरी बांधलेली होती. आजी ती धरून बाहेर जाऊन यायची. प्रयागताई तिच्या सुनेला, मुक्ताला, समजावत होत्या. मुक्ता जात्याच फटकळ. ती म्हणाली, "लई सांगून राहिल्या बाई, तर तुमच्याच डोळ्याला करून बघा की आधी."

प्रयागताई हसल्या. पण परतीच्या जीपमध्ये डावा डोळा झाकून उजव्यानं बाहेर बघत राहिल्या. त्यांच्या उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला होता आणि त्या तो पुढे ढकलत होत्या, हे मला ठाऊक होतं. उतरताना म्हणाल्या, "सुनंदा, मुक्ता खरंच बोलली. आता तिलाच सोबत घेते."

आणि घेतलं. नांदेडच्या दवाखान्यात प्रयागताईंचं ऑपरेशन झालं तेव्हा बाहेरच्या बाकावर लेक नव्हती, मी नव्हते, मुक्ता होती. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी बजावलं, धूर नको, धूळ नको, डोळ्याला पाणी नको, घरी पडून राहा. "जाते की घरी," असं म्हणून बाई मुक्तासोबत थेट वस्तीवर गेल्या. मला वाटेतून फोन केला. "म्या त्यांच्यात राहते. माझा डोळा त्यांच्या समोर बरा होऊ दे."

डॉक्टर माझ्यावर कडाडले. "साखर आहे त्यांना! डोळा गेला तर जबाबदार कोण?"  डॉक्टर बरोबर होते. मला आजही तसंच वाटतं. मी त्यांना परत आणायला म्हणून निघाले.

वस्तीवर पोचले तर मुक्ताची चूल घराबाहेर अंगणात मांडलेली. बाईंच्या डोळ्याला धूर लागू नये म्हणून. शेळ्या दूर बांधलेल्या, जमीन सारवून ओली ठेवलेली. आत बाजेवर काळा चष्मा लावून प्रयागताई बसल्या होत्या. मी त्यांना अशा बसलेल्या प्रथमच बघत होते. हात मात्र स्वस्थ नव्हते, बाजेची सुंभं चाचपत होते. मुक्ता साबणानं हात धुऊन आली आणि त्यांचं डोकं मागं कलवून तिनं थेंब घातले. आजवर आम्ही या लोकांना सांभाळायला जात होतो. त्या दिवशी ते आमच्यातल्या एकीला सांभाळत होते आणि त्यांना ते छान जमत होतं. मी भांडायला आले होते, पण मुक्कामाला राहिले.

सकाळी चष्मा काढला तर डोळा लालभडक. पाणी वाहत होतं.  "ताई, चला. आत्ताच्या आत्ता. कोणाला काही सांगू नका."

"सांगू नको?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग माझ्यात आन् त्या टेम्पोवाल्यांत फरक काय राहिला?"

त्यांनी मुक्ताला सगळ्यांना बोलवायला सांगितलं. बायामाणसं अंगणात जमली. धर्माआबाही काठी टेकत आले. प्रयागताईंनी चष्मा काढला आणि डोळा सगळ्यांना दाखवला. "लाल झालाय. ठणकून राहिलाय. म्या आता दवाखान्यात चालले. बरा झाला तर येऊन दाखवते. न्हाई झाला तर तेबी येऊन दाखवते. तवर कोणी माझ्या शब्दावर जाऊ नका."

धर्माआबांनी शेजारच्याला विचारलं, "काय? दाखवून राहिली का ती?"

"हाव आबा. डोळा लाल हाय तिचा."



नांदेडपर्यंतचा तो प्रवास मला कधी विसरता येणार नाही. प्रयागताई रुमाल धरून बसलेल्या, आणि मी सारखी ड्रायव्हरला म्हणत होते, चला हो, चला. दवाखान्यात इंजेक्शनं झाली, तासातासाला थेंब झाले. डॉक्टर त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे. प्रयागताई निमूटपणे पडून असायच्या. एकदा मात्र माझा हात धरून म्हणाल्या, "सुनंदा, माझा डोळा गेला तर एकाच बाईचा जाईल. पण त्या वस्तीवर मग कोणीच ऑपरेशनला उठणार न्हाई. म्या लई मोठा जुगार खेळले का गं?" मी नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

डोळा वाचला. डॉक्टरांनी मोकळं केल्यावर त्या बोलल्याप्रमाणे परत गेल्या. बायांनी गोधडीची सुई आणि दोरा पुढे केला. डावा डोळा रुमालानं बांधून प्रयागताईंनी सुई ओवली. तरी अंगणात कुजबूजच. कोणी पुढे होईना. तेव्हा धर्माआबा बोलले, "माझ्या डोळ्यातून पाणी आलं तवा लपवालपवी झाली. हिनं आपणहून दाखवलं. म्या येतो. पहिलं माझं नाव घ्या."

जीप भरून माणसं आली. सखुआजीची पट्टी निघाली तेव्हा तिनं सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "मुक्ते, लई म्हातारी झालीस की गं!" सगळा वॉर्ड हसला. मुक्ता हसता हसता रडायला लागली. पुढे घरापुढची ती दोरी तिनं सोडवली आणि त्याच दोरीनं शेळी बांधली.

धर्माआबांचं मात्र काही होऊ शकलं नाही. एक डोळा आधीच गेलेला, आणि दुसरा काचबिंदूनं विझून गेलेला. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासलं, मग बाहेर येऊन मान हलवली. ज्यांच्या शब्दावर सगळे जीपमध्ये चढले, ते एकटेच आले तसे परत जाणार होते. मी म्हटलं, डॉक्टरच सांगतील त्यांना. "न्हाई, म्या सांगते," म्हणत प्रयागताई आत गेल्या. आत काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

त्यानंतर त्या भागात कसलंही काम असलं, लसीकरण असो की गरोदर बायांची तपासणी, प्रयागताई वाट वाकडी करून त्या वस्तीवर जायच्याच. मी एकदा वैतागून म्हटलं, "ताई, तिथलं काम झालंय आपलं. दुसऱ्या वस्त्या पडल्यात." त्या उभ्या होत्या, तशाच उभ्या राहिल्या. "आबांचं न्हाई ना झालं," एवढंच म्हणाल्या.

शेवटच्या सकाळी त्यांचा फोन आला तो असाच. "डोंगराकडं चालले गं. संध्याकाळी येते."

त्यांनी अर्ध्यावर सोडलेली ती वाट मी मागच्या आठवड्यात पुरी केली. वस्तीवर बातमी आधीच पोचली होती. मुक्ता गळ्यात पडली. सखुआजी माझ्याकडे बघत राहिली, आणि ती बघतेय याचंच मला रडू आलं. मग मी धर्माआबांच्या घरी गेले. ते दारात बाजेवर बसले होते, पण मध्ये नाही, एका कडेला. माझी चाहूल लागताच त्यांनी शेजारच्या जागेवर हात फिरवला. "हितं बसायची ती," ते म्हणाले. "तुमच्यात कधी बसत न्हवती म्हणं. हितं लई येळ बसायची."

मी बसले.  आबाच म्हणाले, "एकदा मला विचारलं तिनं. आबा, माझा राग येतो का? म्या म्हणलं, येतो. सगळ्यांना दिसून राहिलं, मला न्हाई. राग येणार न्हाई का?"

"मग?"

"मग काय... म्हणलं, राग येतो, तरी येत जा. तर येत राहिली."

समोर कोणीतरी शेळ्या हाकत चाललं होतं. मला परतीची गाडी गाठायची होती, उन्हं कलली होती, सारखं उठावंसं वाटत होतं. आबांना ते कळलं असावं. त्यांनी हात पुढे करून माझं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं.

"तू येशील का न्हाई, ते आज सांगू नको," ते म्हणाले. "आज नुसती बस."