शिवणीतली माया

गोहलपुरातल्या त्या म्हाताऱ्या टेलरकडे मी एकदाच गेले. यंदाच्या फॅशन शोमधले गाऊन मला फार आवडले होते, आणि भाचीच्या लग्नात तसाच एक घालायचा होता. चष्मा कपाळावर सरकवून त्याने माझा मोबाइल डोळ्यांजवळ नेला. रॅम्पवरच्या एकेका मुलीला तो बोटाने थांबवून बघत होता.

"रंग अच्छा है, दीदी. कटाई भी. मगर सिलाई में गुंजाइश कहाँ छोड़ी? ये लड़कियाँ बढ़ेंगी नहीं क्या?"

वाढत्या अंगासाठी आपण शिवणीत माया ठेवतो, ती यात नव्हती. एवढ्यावरून त्याला आलेला राग बघून मी हसले. तो हसला नाही. त्याने खुंटीवरचा पांढरा फ्रॉक काढला.

"मेरी बेटी का. सोलह की थी जब गुज़री. अब छब्बीस की है. हर साल थोड़ा खोल देता हूँ."

कमरेपाशी उसवलेल्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा होत्या. शेवटची शिवण ताजी होती. फ्रॉकची एक बाही उलटी होती, नुकतीच कोणी अंगातून काढल्यासारखी. त्याने ती हलक्या हाताने सुलटी केली.

"हमेशा जल्दी में रहती है," तो म्हणाला.